व्हीएमची डिस्क नेटवर्कवर असेल तर: अनुभवाचे सात बोल

पतसंस्था, रुग्णालयं, कारखान्यांची ऑफिसं यांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते: दोन-तीन होस्ट, त्यांवर दहा-वीस व्हर्च्युअल मशिन्स आणि सगळ्यांच्या डिस्क मधल्या एका स्टोरेजवर, एनएफएसने किंवा आयस्कझीने जोडलेल्या. तक्रारही तीच, "सिस्टिम फार स्लो झालीय." आणि त्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला, दहा गिगाबिटचा स्विच घ्या. माझं म्हणणं एवढंच, की खरेदीआधी वेळ कुठे खर्च होतोय ते शोधा.

१. एमबी मोजू नका, मिलिसेकंद मोजा.
डेटाबेस एक नोंद लिहितो, ती पक्की झाल्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढची लिहितो. उत्तराला १० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला १०० नोंदी होतात. नोंद ८ केबीची धरली, तर सेकंदाला जेमतेम ८०० केबी. एक गिगाबिटची केबल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वाहून नेते. म्हणजे केबल ९९ टक्के मोकळी आणि काउंटरवरचा माणूस ताटकळलेला. तिथे केबल दहापट मोठी करून त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

२. विलंब तीन ठिकाणी मोजा.
व्हीएमच्या आत, होस्टवर आणि स्टोरेजवर. आयस्कझी असेल तर ईएसएक्सटॉपमधला 'डीएव्हीजी' होस्टच्या बाहेर, म्हणजे नेटवर्क आणि स्टोरेज मिळून, गेलेला वेळ दाखवतो. 'केएव्हीजी' हायपरवायझरने स्वतः खाल्लेला. डीएव्हीजी मोठा आहे आणि स्टोरेज मात्र स्वतःचा विलंब कमी सांगतंय, तर दोष बहुधा वाटेत आहे. मोठी फाइल कॉपी करून बघण्यावर विसंबू नका. एफआयओने ४ केबीचं विखुरलेलं लेखन, एका वेळी एकच, आणि स्टोरेजच्या कॅशमध्ये मावणार नाही एवढ्या फाइलवर चालवा. खरं चित्र तिथे दिसतं.

३. डिस्कची कुवत कागदावर मांडा.
मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. सरासरी अर्धी फेरी आणि हेड हलवायला साधारण ८ मिलिसेकंद धरा, की एका कामाला १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ८० कामं. अशा चार डिस्क मिळून ३२० झाली. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची, चार कामं. उरली ८० लेखनं, आणि तीही सगळ्या व्हीएमना मिळून. रेड १० मध्ये तीच १६० होतात. पैसे मोजकेच असतील, तर आधी चांगल्या एसएसडी घ्या, स्विच नंतर.

४. सिंक बंद करून वेग विकत घेऊ नका.
ईएसएक्सआय एनएफएसवर प्रत्येक लेखन पक्कं झाल्याची खात्री मागतो. झेडएफएसवर सिंक बंद केलं किंवा एनएफएस 'असिंक' केलं, की आकडे एकदम उडी मारतात, कारण डेटा रॅममध्ये असतानाच स्टोरेज "लिहिलं" म्हणतं. कॅशियरने पैसे हातात येण्याआधीच पावतीवर शिक्का मारावा, तसा हा प्रकार. त्या क्षणी स्टोरेज बंद पडलं, तर डेटाबेस ज्या नोंदी पक्क्या समजून बसलाय त्याच नाहीशा होतात. यूपीएस इथे पुरत नाही. पॉवर सप्लाय जळू शकतो, कर्नल कोसळू शकतो. योग्य उपाय म्हणजे वीज गेली तरी हातातलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असलेली एसएसडी झेडएफएसला स्लॉग म्हणून देणं, किंवा बॅटरीचा आधार असलेला रेड कंट्रोलर घेणं. लोकांचे पैसे आणि रुग्णांचे रिपोर्ट या डिस्कवर आहेत. इथे तडजोड नाही.

५. स्टोरेजला वेगळी वाट द्या, एमटीयू सगळीकडे एकच ठेवा.
स्टोरेजची वाहतूक वेगळ्या व्हीलॅनवर, जमल्यास वेगळ्या पोर्टवर असावी. जंबो फ्रेमचा फायदा बेताचा असतो, पण एखादा पोर्ट १५०० वर राहिला, तर छोटी पॅकेट जातात, मोठी अडकतात आणि दोष सापडता सापडत नाही. म्हणून 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून ८,९७२ बाइटचा पिंग टाका. ९,००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा, हा तो आकडा. तो प्रत्येक होस्टवरून गेला पाहिजे.

६. दोन केबल जोडल्या म्हणजे दुप्पट वेग नव्हे.
एलएसीपीमध्ये एक टीसीपी जोडणी एकाच केबलवरून जाते. आयस्कझीला दोन वेगळे सबनेट आणि मल्टिपाथ द्या. लिनक्सच्या एनएफएस क्लायंटमध्ये २०१९ च्या ५.३ कर्नलपासून 'एनकनेक्ट' हा पर्याय आहे. एकाच माउंटसाठी अनेक जोडण्या उघडता येतात.

७. व्हीएमच्या आतही डोकवा.
जुन्या आयडीईच्या नकलेऐवजी व्हर्टआयओ किंवा पीव्हीस्कझी ड्रायव्हर वापरा. आणि वेळापत्रक तपासा. एका पतसंस्थेत रोज सकाळी अकराला पासबुक प्रिंटिंग अडायचं. सगळ्या व्हीएम एकाच टेम्प्लेटवरून बनवलेल्या, त्यामुळे सगळ्यांचं अँटिव्हायरस स्कॅन अकराच्या ठोक्याला सुरू व्हायचं. स्कॅन रात्री, वेगवेगळ्या वेळी विभागलं आणि अडथळा गेला. एक रुपयाही लागला नाही.

एका वेळी एकच बदल करा, आधीचा-नंतरचा विलंब वहीत लिहा आणि उपयोग झाला नाही तर बदल मागे घ्या. मोजणी हातात असली, की व्यवस्थापनाकडे एसएसडीसाठी पैसे मागतानाही तुमचं पारडं जड राहतं.