पणजोबांचे चरित्र लिहिणाऱ्या पुतण्यास

चि. बाळ,

तू पणजोबांचे चरित्र लिहावयास घेतलेस हे वाचून फार समाधान वाटले. परंतु १८७५ च्या दंग्यात ते 'रयतेच्या बाजूने उभे राहिले' असे जे निःशंक विधान तुझ्या टिपणात आहे, त्यास आपल्या दप्तरातील एकाही कागदाचा आधार नाही, म्हणून ते प्रथम काढून टाक.

ते पुणे जिल्ह्यातल्या भीमथडीतील एका गावचे कुलकर्णी होते, येथून आरंभ कर. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज, १८६५ साली ते युद्ध संपून भाव कोसळल्यावर आणि पुढे जमाबंदीच्या फेरतपासणीत सारा वाढल्यावर, रयतेच्या गळ्याशी आले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतीलच सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने लुटली, खतपत्रे जाळली, आणि ते लोण पार नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. लोकांचा रोख जिवांपेक्षा कागदांवर होता; सावकाराने खते मुकाट्याने स्वाधीन केली तेथे बहुधा त्याला इजा झाली नाही.

हे कागद लिहिले कोणी? कुणबी खाली नांगराची निशाणी करी. वरचा मजकूर दुसऱ्याच्या हातचा असे. आपल्याकडे उरलेल्या खतांवरील ते वळणदार मोडी अक्षर पणजोबांचे आहे. निशाणी करण्यापूर्वी तो मजकूर रयतेला वाचून दाखविला जात होता काय, हा प्रश्न तुला टाळता येणार नाही. शेतकऱ्यांचे दस्तऐवज सरकारी निबंधकासमोर व्हावेत अशी तजवीज १८७९ च्या कायद्याला करावी लागली, यावरून त्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात घे. त्याच साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले खरे. पण केवळ सन जुळतो म्हणून पणजोबांना त्यात ओढू नकोस.

१८७६ साली पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. पणजीने तेव्हा पाटल्या मोडून जोंधळा घेतला, हे मी आईच्या तोंडून ऐकले आहे. ते ऐकीव म्हणूनच लिही, पण अवश्य लिही, कारण घरातील बायकांचे हाल दप्तरात सहसा उतरत नाहीत.

दिवाळीला इकडे ये, म्हणजे मोडी शिकवीन व खतांची पुडकी दोघे मिळून उघडू. ज्यांच्या निशाण्या त्या खतांवर आहेत, त्यांच्यापैकी दोन घरे अद्याप गावात नांदत आहेत. तेथे जाऊन बैस आणि पणजोबांविषयी त्यांच्या घरात काय सांगतात ते, आपल्याला रुचो वा न रुचो, त्यांच्याच शब्दांत उतरवून घे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका