दिव्यात पाणी आलं कुठून?

शहापूर, आषाढ

चि. बाळास,


पिकअपच्या डाव्या हेडलाइटला आतून वाफ धरते आणि गॅरेजवाला चहूबाजूंनी सिलिकॉन मारून दिवा पॅक करून देतो म्हणतो, असं तू सांगितलंस. फोनवर एवढं सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. हे सगळं वाचून होईपर्यंत त्याला दिव्याला हात लावू देऊ नकोस.

गाडीचा दिवा हवाबंद नसतो आणि नसावाही. त्याच्या पाठीमागे वाकडी रबरी नळी किंवा बारीक पडदा लावलेली टोपी असते. बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते आणि तिथून बाहेर जाते. बल्ब विझला की बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती हवा ओलीच असणार. म्हणून कोपऱ्यात पातळ वाफ आली आणि दिवा अर्धा तास चालवल्यावर निघून गेली, तर तो बिघाड नाही. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचत असेल किंवा वाफ दोन-दोन दिवस हटत नसेल, तर मात्र कुठेतरी फट आहे. दोन्ही दिवे शेजारी ठेवून बघ. दोन्हीकडे सारखीच वाफ असेल तर ती हवेची करणी. एकाच दिव्यात असेल तर फट शोधायला लाग.

शोध पाठीमागून सुरू कर. बल्ब बदलल्यावर मागची रबरी टोपी नीट बसवलेली नसते, हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. तू मध्यंतरी एलईडी बल्ब टाकलास ना? त्याच्या मागे पंखा असतो, टोपी बसत नाही, मग काही जण ती ब्लेडने कापतात. टोपी कापली की पावसाला दार उघडंच. शिवाय हॅलोजनची उष्णता काचेपर्यंत पोचून वाफ उडवते, तशी एलईडीची पोचत नाही. त्याची गरमी मागेच राहते. एच-४ बल्बच्या दिव्यात कंपनीने दिलेला ६०/५५ वॉटचा हॅलोजनच घाल. त्याहून जास्त वॉटचाही नको, रिफ्लेक्टर आणि होल्डर भाजून निघतात.

टोपी ठीक असेल तर बल्बच्या बुडाची रबरी रिंग बघ, मग दगड लागून काचेला गेलेला तडा, मग काच आणि डब्याचा जोड. श्वासाची नळीही साफ कर. शेतातल्या वाटेचा चिखल तिच्यात बसला की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. तुझा गॅरेजवाला सिलिकॉन मारताना हीच नळी बुजवणार, माझी भीती ती आहे. तळाला ड्रिलने भोक पाडून घे असंही कोणी सांगेल. ऐकू नकोस. त्या भोकातून रस्त्यावरचं उडतं पाणी आणि धूळ आत जाते.

आता सुकवणं. बल्ब गार झाल्यावर काढ, त्याच्या काचेला बोट लावू नकोस. बोटाचा तेलकटपणा लागला की बल्ब लवकर जातो. दिवा गाडीतून उतरव आणि ऊन असेल तर मागचं तोंड उघडं ठेवून उन्हात ठेव. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर मंद गरमीवर चालव. रंग उडवायची हीटगन नको. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. आत फडकं तर मुळीच घालू नकोस. रिफ्लेक्टरवरचा चकचकीत मुलामा इतका पातळ असतो की पुसताच निघून येतो आणि मग दिवा कायमचा मंद होतो.

कोरडा झाल्यावर जोडावर साबणाचं पाणी लाव, बल्बचं तोंड बंद कर आणि नळीतून तोंडाने हळू फुंक. बुडबुडे येतील तिथे फट. तेवढीच जागा साफ करून ब्युटाइल किंवा वास नसलेलं सिलिकॉन भर. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नकोस, त्याची वाफ मुलामा खाते. एक दिवस वाळू दे, मगच बसव. तडा मोठा असेल तर दिवा बदल, तिथे काटकसर करू नकोस. आणि घाट उतरून आल्याआल्या तापलेल्या दिव्यावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नकोस. आतली हवा झपाट्याने आकसते आणि फटीतून पाणी खेचून घेते.

एवढं लिहिण्याचं कारण तुझी वाट. ओतूरहून भाजी भरून तू रात्री माळशेज उतरतोस आणि टोकावडे, सरळगाव, मुरबाड करत पहाटे कल्याणच्या बाजारात पोचतोस. वाफ धरलेल्या काचेतून उजेड फाटतो: तुला वळण दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात धुकं असलं तर अप्पर मारू नकोस, तो उजेड धुक्यावर आपटून तुझ्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर, हळू चल.

नुसतं पाणी काढून देणाऱ्याला पैसे देऊ नकोस. ते कुठून आलं हे जो दाखवेल, त्याच्याकडूनच काम करून घे. दिवा दुरुस्त होईपर्यंत रात्रीची खेप दुसऱ्या गाडीने पाठव. भाजी एक दिवस उशिरा पोचली तरी चालेल.

तुझा,
मामा