शॅल आणि मे : भाड्याच्या खोलीचा करार वाचताना

भाड्याचा करार अकराच महिन्यांचा का असतो, असं आपल्या वर्गात विचारलं तर निम्मे जण सांगतील, "तशी पद्धतच आहे." पद्धत आहे खरी, पण तिच्यामागे कायदा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. अकरा महिने लिहिले की ती खटपट टळते. गोव्यात हे चालून जातं. पत्रादेवीचा नाका ओलांडून आमच्या सावंतवाडीत आलात की मात्र नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची.

आता हे लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय? भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा काही काळापुरता हक्क तयार होतो. लायसन्समध्ये फक्त राहायची परवानगी मिळते, हक्क नाही. म्हणून घरमालकांना दुसरा शब्द आवडतो. पण नुसत्या शीर्षकावरून आशय ठरत नाही, हे आपल्याला साहित्यात शिकवतात आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ मध्ये तेच म्हटलं. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या दोन खोल्यांत एक गृहस्थ केशकर्तनाचा व्यवसाय करत होते. कागदावर लायसन्स लिहिलं होतं. न्यायालयाने आतला मजकूर आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहिला आणि हा भाडेपट्टाच आहे असं बहुमताने ठरवलं. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर हा तो खटला. अर्थात टी. वाय. बी. ए. च्या मुलीला डिपॉझिटसाठी सर्वोच्च न्यायालयात जाणं परवडणार नाही. तेव्हा सही करण्यापूर्वीच आतला मजकूर वाचलेला बरा.

वाचायचा कसा? मी क्रियापदांपासून सुरुवात करते. गोव्यात हे करार बहुतेक इंग्रजीत असतात आणि त्यांत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात : शॅल आणि मे. शॅल म्हणजे करावंच लागेल. मे म्हणजे वाटलं तर करता येईल. म्हापशातल्या फ्लॅटचा मसुदा आम्हा तिघींच्या हातात आला तेव्हा मी पेन्सिलीने शॅलखाली एक रेघ ओढली आणि मेखाली दोन. बघते तर सगळे शॅल आमच्या वाट्याला, सगळे मे घरमालकिणीच्या. आम्ही सहा महिने सोडून जायचं नाही, त्याला लॉक-इन म्हणतात. ती मात्र तीस दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता, आम्हाला काढू शकत होती. म्हणजे ऐन परीक्षेच्या महिन्यात सामान उचला म्हटलं असतं तरी कागद तिच्याच बाजूने बोलला असता.

यावरून आंटी वाईट आहेत असं समजू नका. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हांवें तो वाचूंकच ना." मसुदा त्यांच्या भाच्याच्या दुकानाच्या कराराची झेरॉक्स होती. एका कलमात तर रात्री दहापूर्वी शटर ओढून घ्यायचं लिहिलं होतं! असे कागद हातोहात फिरतात आणि दोन्ही बाजूंनी न वाचताच त्यांच्यावर सह्या होतात. विचारल्यावर आंटींनी नोटीस दोघांनाही सारखी, दोन महिन्यांची करून दिली. लॉक-इन तीन महिन्यांवर आलं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जॉइंटली अँड सेव्हरली या शब्दांची. एकत्रितपणे आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे जबाबदार, असा त्याचा अर्थ. समजा भाडं अठरा हजार, तिघींचे सहा-सहा. एक जण नाताळच्या सुट्टीत घरी गेली आणि परत आलीच नाही. आपण म्हणतो, माझे सहा मी दिले, मी सुटले. तसं नाही. घरमालक उरलेल्या कुणाही एकीकडून पूर्ण अठरा हजार मागू शकतो. हे शब्द करारात नसले तरी १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलम साधारण हेच सांगतं : एकत्र वचन दिलं असेल तर कुणाही एकाकडून ते पूर्ण करून घेता येतं. ज्याने जास्त भरले त्याने मग इतरांकडून वसूल करावेत. पण मैत्रिणीकडून वसुली करणं किती अवघड, हे सांगायला कायदा लागत नाही. यावर उपाय दोनच. प्रत्येकीचा वेगळा करार करून घ्यायचा, किंवा प्रत्येकीची जबाबदारी तिच्या हिश्श्यापुरती असं स्पष्ट लिहून घ्यायचं. दोन्ही जमत नसेल तर निदान तिघींच्या घरच्यांना हे आधी समजावून सांगा.

डिपॉझिटचं म्हणाल तर २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो केंद्राने घालून दिलेला नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही. म्हणून रक्कम, ती किती दिवसांत परत मिळणार आणि कशापोटी कापणार, हे तिन्ही कागदावर हवं. नॉर्मल वेअर अँड टेअर, म्हणजे नेहमीच्या वापराची झीज, कापता येणार नाही असंही लिहून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पोपडे सुटतात, कपाटाच्या मागे बुरशी येते. ते डाग तुम्ही पाडलेत असं मे महिन्यात कुणी म्हटलं तर? राहायला जाल त्या दिवशीच भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो काढा आणि घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. विजेच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंगही पाठवा. बिल घरमालकाच्या नावावर येतं आणि आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या गळ्यात पडू शकते.

पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या माहितीसाठी आधारची झेरॉक्स मागतील. द्या, पण तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहा.

आणि तोंडी कबूल केलेलं? "पाहुणे आले तर चालतील गं, कागदावर कशाला?" असं ऐकलंत तर ते वाक्य तिथेच शेवटच्या पानावर हाताने लिहा आणि शेजारी दोघांच्याही सह्या घ्या. प्रत्येक पानावर सही असलेली एक पूर्ण प्रत तुमच्याकडे राहू द्या, आणि दुसरी घरच्यांकडे.