गट पाडताना

चि. मुग्धास,


तिसरीच्या वर्गात वाचनाचे गट पाडायचं ठरवलंस, ते योग्यच आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर 100 मुलांपैकी सुमारे 27 मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. अशा वर्गात एकच धडा सगळ्यांपुढे वाचला, तर तो बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. पण गट कशावरून पाडायचे, हा खरा प्रश्न आहे. ‘असर’च्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पातळ्यांवरून मूल कुठवर आलं ते कळतं, कशामुळे अडलं ते कळत नाही. परिच्छेदावर थांबलेल्या दोघांपैकी एकाला ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ यांतली ‘र’ची दोन रूपं उमगलेली नसतात. दुसरं घडाघडा वाचतं, पण गोष्टीतली बकरी का पळाली असं विचारलं की गप्प. या दोघांना एका गटात बसवलंस, तर रोज एकाचा वेळ फुकट जाईल. म्हणून गट अडचणीवरून पाड, आणि अडचण सुटली की मोड.

याला पुरावाही आहे. मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चालवलेल्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केला. मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून वस्तीतलीच एक तरुणी शिकवायची. या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मूळ वर्गातच उरलेल्या मुलांची संख्या घटली, तरी त्या उरलेल्यांना मात्र जवळपास काहीच फायदा झाला नाही. म्हणजे पटसंख्या कमी होण्याने काम झालं नाही, ते मुलाला लागेल तेच शिकवल्याने झालं. त्याच अभ्यासात वर्षभराने ही कमाई बरीच ओसरलेली आढळली. तेव्हा पहिल्या सत्रात गट पाडून मोकळं होता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्क्याचा. गट पाडले की कुठला गट ‘ढ’ हे मुलं दोन दिवसांत ओळखतात, मग त्या गटाला मोगरा नाव द्या नाहीतर गुलाब. आक्षेप खरा आहे, पण तो वर्षभर न हलणाऱ्या गटांना लागू पडतो. दर दोन-तीन आठवड्यांनी गट बदलले, आणि चांगलं वाचणारं मूलही कधी विरामचिन्हांसाठी, कधी अर्थासाठी कुणाही शेजारी बसलं, तर शिक्का बसायला जागाच उरत नाही. दुसरा आक्षेप पद्धतीवरचा आहे. गट पाडून वाचून घेण्याची, म्हणजे मार्गदर्शित वाचनाची ही रीत न्यूझीलंडमधून पुढे इंग्रजी शाळांत पसरली, तेव्हा चित्र आणि संदर्भ पाहून शब्दाचा अंदाज बांधायची सवयही तिच्यासोबत गेली, आणि त्या सवयीवर टीका झाली ती रास्तच होती. मराठीत तर या अंदाजाची गरजच नाही; आपली लिपी बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचता येते. अडलेला शब्द मुलाला अक्षर, मात्रा, जोडाक्षर असा फोडूनच वाचू दे. मात्र घरी वेगळी बोली असलेलं मूल ‘आणि’चं ‘आनि’ वाचत असेल, तर ती वाचनाची चूक धरू नकोस.

वेळेचं म्हणशील, तर रोज एकाच गटाला वीस मिनिटं पुरतात. पाच-सहा मुलं, प्रत्येकाच्या हातात तीच छोटी गोष्ट, आळीपाळीने न वाचता सगळ्यांनी आपापलं पुटपुटत वाचायचं, आणि तू एकेकाजवळ वाकून ऐकायचं. बाकीची मुलं तेवढा वेळ जोडीने वाचतील. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीवार मराठी गोष्टी फुकट मिळतात. अर्थात, बाईंशिवाय वीस मिनिटं बसण्याची सवय मुलांना आधी लावावी लागेल, आणि तेच सगळ्यांत चिवट काम आहे. तेव्हा गटांची घाई करू नकोस. पहिले पंधरा दिवस मधल्या सुट्टीआधी रोज तीन-चार मुलांचं वाचन नुसतं ऐक आणि कोण कुठे अडलं ते वहीत टिपून ठेव.

तुझा,
काका