गाडी उंच करण्याआधी जरा बस माझ्याजवळ

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. लाल थार, पोटाखालून वासरू निघेल एवढी उंच, आणि चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी. खाली तुझं एकच वाक्य होतं, "ताई, माझीपण अशीच करणार." मी लगेच उत्तर दिलं नाही. अंगठा दाखवून मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून आज सावकाश लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी एक सांगते. तुझी हौस मला खोटी वाटत नाही. दर आठवड्याला कामासाठी तुला खानवेलच्या पुढे, दुधनी, मांदोनी, सिंदोनीकडे जावं लागतं. डांबर सोडून पाड्याकडे वळलं की पावसाळ्यात काय अवस्था असते, ते मी पाहिलंय. लाल चिखल, ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासणारा. मागच्या श्रावणात तू दोन तास अडकून पडलीस, तेव्हा सिल्वासात टोकरखाड्यातल्या आपल्या ओट्यावर आई दिवा लागल्यापासून तुझी वाट बघत बसली होती. त्यामुळे गाडीनं तुला नेऊन परत आणावं, ही माझीही इच्छा आहे. फक्त त्यासाठी नक्की काय उंच व्हायला हवं, हे आपण नीट समजून घेऊ.

गाडी दोन प्रकारांनी उंच होते. एक, मोठे टायर. दुसरा, लिफ्ट किट. लिफ्टमध्ये कधी स्प्रिंगवर ठोकळे म्हणजे स्पेसर बसवतात, कधी स्प्रिंगच लांब घालतात, तर कधी चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी वर उचलतात. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. पण खाली वाकून बघ. तुझ्या थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि मधोमध डिफरन्शियलचा तो गोळा लोंबतो. चाकोरीतला उंचवटा आधी त्यालाच लागतो. स्प्रिंगखाली दोन इंचांचा ठोकळा घातलास, तर बॉडी दोन इंच वर जाईल, पण तो गोळा होता तिथेच राहील, कारण तो चाकांच्या मधोमध, चाकांच्याच आधारानं उभा आहे. त्याला वर नेतो तो फक्त टायर. लिफ्टनं मोठ्या टायरला मडगार्डात जागा मिळते आणि बॉडीचा खालचा भाग वर जातो. लिफ्टचं काम एवढंच.

आता टायरचा हिशोब कर, कागद घे. तुझ्या गाडीच्या टायरवर 255/65 आर 18 लिहिलंय. म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या 65 टक्के, म्हणजे साधारण 166 मिलिमीटर, आणि मधली रिम 18 इंचांची. दोन भिंती आणि रिम मिळून टायरचा व्यास साधारण 789 मिलिमीटर भरतो. आता 265/70 आर 18 धर. त्याचा व्यास 828 च्या आसपास येतो. फरक झाला चार सेंटिमीटरचा. पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो वर जातो फरकाच्या अर्धा, म्हणजे दोन सेंटिमीटर. कंपनीनं तुला जमिनीपासून 226 मिलिमीटर उंची दिलीय, ती 246 होईल. सगळा खटाटोप करून मिळालेली ही दोन बोटांची उंची. ती कामाची नाही असं मी म्हणत नाही. पण तिची किंमत कळू दे, मग घ्यायची की नाही ते ठरव.

टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. वरच्या हिशोबात पाच टक्के जास्त. काटा 60 दाखवेल तेव्हा तू 63 नं जात असशील. इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागेल, चढावर एक गिअर खाली यावं लागेल, डिझेल जास्त जाईल. चाक जड झालं की थांबायलाही जास्त अंतर लागतं. नरोलीकडून येताना पुढचा ट्रक अचानक थांबतो, तेव्हा हे अंतर महत्त्वाचं असतं. आणि टायर चार घेऊन भागत नाही, स्टेपनी धरून पाच घ्यावे लागतात. ती स्टेपनी मागच्या दारावर लटकते, तिचं वजन रोज त्या बिजागऱ्यांवर पडतं. उंच गाडीला कंपनीचा जॅक कधीकधी पुरत नाही, हे पंक्चर झाल्यावर रानात कळून काय उपयोग?

आता माझ्या जीपची गोष्ट. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला ही पूर्ण कधी सांगितली नाही. आपल्या जुन्या जीपला चारही बाजूंना कमानपाटे होते. मला ती उंच हवी होती. एका गॅरेजात सांगितलं, "शॅकल लांब टाकू, दोन तासांत उंच होईल, खर्चही किरकोळ." मी होकार दिला. गाडी खरंच ऐटदार दिसायला लागली. सिल्वासातल्या रस्त्यांवर चार दिवस काहीच जाणवलं नाही. पाचव्या दिवशी खानवेलहून परतताना आई शेजारी बसली होती. उतारावर डावं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि स्टिअरिंग माझ्या हातात डावी-उजवीकडे थडथडायला लागलं, थांबेचना. दोन्ही हातांनी घट्ट धरलं तरी मनगटं हलत होती. ब्रेक हळूहळू दाबत गाडी कडेला घेतली तेव्हा आईचा हात माझ्या दंडावर होता आणि तिची नखं रुतलेली होती. ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या, जाणत्या फिटरनं गाडीखाली झोपून मला कारण दाखवलं. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी; ती लांब केल्यानं पाट्याचं एक टोक खाली गेलं, त्याबरोबर पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरला. सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा पुढे झुकलेला असतो आणि म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तसाच कोन गाडीच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो. माझ्या जीपचा तो कोन बिघडला होता. शिवाय ब्रेकचा रबरी पाइप ताणून तारेसारखा झाला होता. चाक खड्ड्यात अजून थोडं लोंबलं असतं, तर तो तुटला असता. त्याच संध्याकाळी मी जुन्या शॅकल परत बसवल्या. गाडी दोन इंच खाली आली आणि मी रात्री शांत झोपले.

तुझ्या गाडीत पुढे पाटे नाहीत. तिथे दोन्ही चाकं आपापली वेगळी हलतात आणि डिफरन्शियल चासीला बांधलेलं असतं. म्हणून लिफ्ट केली की डिफरन्शियल वर जातं, चाकं खालीच राहतात, आणि मधल्या शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टच्या सांध्यावर रबराचा घडीघडीचा बूट असतो. वाढलेल्या कोनात तो घासतो, चिरतो, आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला फेकलं जातं. चिखल आत शिरला की सांधा गेला. चाकाजवळ काळे ग्रीसचे शिंतोडे दिसले तर गाडी पुढे दामटू नकोस, थेट गॅरेज गाठ.

आता तोलाचं बोलते. तू पाड्यावर रोज बघतेस, डोक्यावर हंडा घेतलेली बाई भरभर चालते. त्यावर कळशी चढली की तीच बाई वळताना पाऊल जपून टाकते. वजन थोडंच वाढलेलं असतं, पण ते वर गेलेलं असतं. गाडीचंही तसंच आहे. घाटातल्या वळणावर, समोरून एखादी दुचाकी आली म्हणून स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर उंच गाडी आधी कलंडते. म्हणून उंची वाढवलीस तर वेग कमी करायची सवय त्याच दिवसापासून लागली पाहिजे. हे जमणार नसेल तर उंचीही नको.

कायद्याची बाजूही ऐक, नंतर म्हणशील ताईनं सांगितलं नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत बदल होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182 अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता बदल केलास आणि अपघात झाला, तर भरपाईवरून वाद होतो. त्यात समोरच्याचा जीव गेलेला असेल तर काय, याचा विचार कर. म्हणून हात लावायच्या आधी आरटीओत आणि विमेवाल्याकडे दोन्हीकडे जाऊन ये. लेखी विचार.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर हे या क्रमानं केलं असतं.

आधी टायर, पण त्याच मापाचे. चिखल आणि खडी दोन्हीसाठी बनवलेले, खोल खाचांचे ऑल टेरेन टायर घे. वजन पेलण्याचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. नुसत्या चिखलाचे मड टेरेन टायर तुला नकोत. तुझा बराचसा प्रवास डांबरावर होतो, तिथे ते गुरगुरतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात.

दुसरं, हवा. चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत कमी कर. टायर पसरतो, जमिनीवर लांब टेकतो, रुतत नाही. मग चाल सावकाश ठेव आणि वळण हळू घे. डांबरावर यायच्या आधी दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा परत भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. कमी हवेवर डांबरावर पळवलीस तर टायर तापून फुटू शकतो. या एका सवयीनं तुझी निम्मी अडचण सुटेल. मागच्या श्रावणात तू अडकलीस, तेव्हा टायरमध्ये रस्त्याची पूर्ण हवा होती, मी दुसऱ्या दिवशी मोजली होती.

तिसरं, शिकून घे. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. चाकोरीत कोणतं चाक कुठे ठेवायचं, फोर-लो कधी टाकायचा, ओढताना पट्टा कुठे अडकवायचा, हे शिकलेला हात दोन इंचांपेक्षा जास्त कामाला येतो. मी येईन तुझ्याबरोबर.

हे सगळं करून एक पावसाळा काढ. तरीही पोट घासत असेल, आणि परवानगीचा प्रश्न सुटला असेल, तरच इंच-दीड इंचापर्यंतचा विचार कर. तोही पूर्ण संचाचा, म्हणजे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक पाइप सगळं एकमेकांना जुळणारं. नंतर अलाइनमेंट, हेडलाइट खाली वळवणं, आणि थोडे किलोमीटर चालवून सगळे नटबोल्ट पुन्हा पान्यानं तपासणं. हेडलाइट विसरू नकोस, नाहीतर समोरून सायकलवर येणाऱ्याचे डोळे दिपतात.

टायर घासतो की नाही हे कसं पाहायचं, तेही दाखवते. टायरच्या आतल्या खांद्यावर शाळेचा पांढरा खडू जाड फासायचा. एक पुढचं चाक भक्कम दगडावर चढवायचं म्हणजे ते मडगार्डात शिरतं. मग अगदी हळू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. उतरून बॅटरी मारून आत बघायचं. काळ्या प्लास्टिकवर, चासीवर कुठे पांढरा ओरखडा उमटलाय का? उमटला, तर त्या जागी भर वेगात, वजन भरलेलं असताना टायर कापला जाणार.

आणि पाणी. कंपनी तुझ्या गाडीला 650 मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाता येईल असं सांगते, ते संथ पाण्याबद्दल. टायर मोठा केला म्हणून साकरतोड नदी लहान होत नाही. पावसाळ्यात मधुबन धरणाचे दरवाजे उघडले की दमणगंगा बघता बघता चढते. वाहत्या पाण्याला तळ दिसत नसेल तर थांब. एक मीटिंग बुडाली तरी चालेल. आणि लोकांच्या भाताच्या बांधावरून गाडी घालू नकोस. तो बांध त्यांनी हातांनी रचलेला असतो.

शेवटचं आईबद्दल. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. आत्ताच थारमध्ये चढताना ती दाराची चौकट धरून एक श्वास घेते, मग पाय उचलते. तू घाईत असतेस, तुझ्या लक्षात येत नसेल. गाडी अजून तीन इंच वर गेली तर ती "मला नको, मी घरीच बरी" म्हणेल, आणि कारण सांगणार नाही. जीपच्या वेळी तिनं मला काहीच म्हटलं नव्हतं, ते मला अजून आठवतं.

रविवारी सकाळी ये. खडू मी आणून ठेवते, हवा मोजायचा गेज माझ्याकडे आहे. अंगणात गाडी लावू, दोघी खाली वाकून एकेक जागा बघू. आईलाही मधे खुर्ची टाकू. ती काय म्हणते ते आधी ऐकू.