बंद पडलेले मूत्रपिंड पुन्हा सुरू होते का?

वाचकहो, उदाहरणादाखल दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणू. पहिला २८ वर्षांचा तरुण, ओतूरच्या बाजूचा. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेला आणि बांधावर पायाला घोणस चावली. दुसरे ६२ वर्षांचे गृहस्थ, आंबेगाव तालुक्यातले. दहा वर्षांपासून मधुमेह, त्यात गुडघेदुखी. बाहेरचे जेवण बाधले आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी दोघेही पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर आहेत. दोघांचीही लघवी जवळजवळ थांबली आहे आणि दोघांच्याही नातेवाइकांना एकच शब्द ऐकायला मिळाला आहे, ‘किडनी फेल’.

महिन्याभराने तरुण पुन्हा शेतावर जाऊ लागतो. गृहस्थांना मात्र आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गाडी करून जावे लागते. गावात लोक म्हणतात, साप चावलेला वाचला आणि साधे जुलाब झालेला अडकला, शेवटी ज्याचे त्याचे नशीब! डॉक्टर मंडळी मात्र असे म्हणणार नाहीत. अशा रुग्णाचे पुढे काय होणार, हे ठरवणारी कारणे बरीचशी माहीत झालेली आहेत. त्यांतली काही आपल्या हातात नसतात, पण निम्मी तरी असतात. आज त्यांचाच विचार करू.

अचानक बंद पडणे म्हणजे काय?

आपली दोन मूत्रपिंडे प्रत्येकी मुठीएवढी. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी त्यातून गाळले जाते आणि त्यातले बहुतेक सगळे परत रक्तात घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकली जाते. हे परत घेण्याचे काम ज्या बारीक नलिका करतात त्यांना रक्त आणि प्राणवायू सतत लागतो. रक्तदाब फार उतरला, शरीरातील पाणी आटले, रक्तात जंतुदोष पसरला किंवा विष भिनले, की पहिला फटका या नलिकांना बसतो.

काही तासांत किंवा दिवसांत झालेल्या या बिघाडाला मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात. वर्षानुवर्षे मधुमेहाने किंवा रक्तदाबाने हळूहळू निकामी होणाऱ्या मूत्रपिंडाचा आजार वेगळा. दोन्हींत महत्त्वाचा फरक असा, की तीव्र इजेत नलिकांच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येऊ शकतात. शेताला आग लागून वरचे पीक जळाले तरी जमीन शाबूत असेल तर पुन्हा पेरता येते, तसेच हे आहे. जमीनच करपली तर मात्र उपाय नाही. घोणसेच्या विषाने किंवा प्रसूतीच्या वेळच्या अतिरक्तस्रावाने क्वचित मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मरतो आणि मग ते पूर्ववत होणे अवघड असते.

परिणाम कशावर ठरतो?

१) वेळ. आपल्या भागात घोणस ऊस, भात, भुईमूग, गवत सगळीकडे सापडते. तिचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, रक्तदाब उतरवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. प्रतिविष रक्तातील मोकळ्या विषाला निकामी करते, पण मूत्रपिंडात झालेली इजा ते भरून काढू शकत नाही. म्हणून तासाभरात मिळालेले प्रतिविष आणि दहा तासांनी मिळालेले प्रतिविष यांत मोठे अंतर पडते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी जुन्नर परिसरात सर्पदंशाच्या उपचारांसाठी आणि जनजागृतीसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. वेळ न दवडता रुग्ण रुग्णालयात आणावा, हाच अशा सर्व प्रयत्नांचा गाभा आहे. आपल्या उदाहरणातील तरुणाला भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून थेट रुग्णालय गाठले होते. मांत्रिकाकडे रात्र काढली असती तर कथा वेगळी झाली असती. आहुपे, घाटघरसारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत पावसाळ्यात वाट लांबते, म्हणून तिथे तर घरच्या घरी एक तासही घालवणे परवडणारे नाही.

२) मूत्रपिंडाची आधीची अवस्था. वय साठीच्या पुढे, मधुमेह, जुना उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा यकृताचा विकार आणि आधीच थोडे कमजोर झालेले मूत्रपिंड, अशा रुग्णांत राखीव ताकद कमी असते. तोच धक्का तरुण सोसतो, वृद्ध सोसू शकत नाही. आपल्या गृहस्थांचे क्रिएटिनिन पूर्वी कधी तपासलेच नव्हते. मधुमेहाने मूत्रपिंड आधीच अर्धे खाल्ले होते आणि जुलाब हे निमित्त झाले.

३) घेतलेली औषधे. गृहस्थांनी तीन दिवस घरीच काढले. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या आणि रक्तदाबाची गोळीही चालू ठेवली. शरीर कोरडे पडलेले असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी याच घराण्यातली. जेंटामायसिन, अमिकासिन ही जंतुनाशक इंजेक्शने, सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देण्याचे रंगद्रव्य, तसेच घटक माहीत नसलेली भस्मे व झाडपाला यांचाही धोका असतो. गरज असेल तेव्हा डॉक्टर ही इंजेक्शने तोलूनमापून देतात. म्हणून रुग्णाला मधुमेह आहे, पूर्वी मूत्रपिंडाचा त्रास झाला आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे नातेवाइकांनी आपणहून सांगितले पाहिजे.

४) जंतुदोष आणि इतर अवयव. रुग्णालयात दाखल रुग्णांत मूत्रपिंडाच्या इजेचे एक प्रमुख कारण म्हणजे रक्तात पसरलेला जंतुदोष. एकटे मूत्रपिंड बंद असेल तर डायलिसिसने वेळ मारून नेता येते. त्याबरोबर फुफ्फुसे थकून कृत्रिम श्वास लागला, रक्तदाब औषधांवर टिकवावा लागला, कावीळ झाली, तर जिवाचा धोका पायरीपायरीने वाढतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये असेच होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने बरेच बळी घेतले. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात वावरताना तो होतो, म्हणून भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे आणि लघवी कमी होणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

५) इजेची खोली आणि मुदत. क्रिएटिनिन किती चढले, लघवी पूर्ण थांबली की थोडी चालू राहिली आणि हा प्रकार किती दिवस टिकला, यावर बरेच अवलंबून असते. दोन-तीन दिवसांत वळण घेतलेला रुग्ण बहुधा सुखरूप सुटतो. आठवडे उलटले तर मागे कायमचा व्रण राहण्याची भीती वाढते.

६) पाण्याचा हिशेब. सुरुवातीला पाणी कमी पडले तर इजा वाढते, म्हणून सलाइन लवकर हवे. लघवी थांबल्यावर मात्र तेच सलाइन भरमसाट दिले तर पाणी फुफ्फुसांत साचते, दम लागतो आणि मूत्रपिंडालाही सूज येते. ‘आणखी दोन बाटल्या लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

लघवी मोजा

या आजाराची पहिली खूण रक्ताच्या तपासणीत दिसेलच असे नाही. मूत्रपिंड आज बंद पडले तरी क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागतात. लघवी त्याआधी सांगते. साधारण नियम असा, की वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर लघवी झाली पाहिजे. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. सहा तास याहून कमी झाली तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगावे. रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाला खूप काही करता येत नाही असे वाटते, पण किती प्यायला आणि किती लघवी झाली याची वेळेसह वहीत नोंद ठेवणे, ही फार मोलाची मदत आहे.

दुसरी गोष्ट शहाळ्याची. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने शहाळे, मोसंबीचा रस, केळी आणतो. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असते. लघवी बंद असलेल्या माणसाच्या रक्तात ते साठते आणि हृदय अचानक थांबू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा रुग्णाच्या तोंडी शहाळे लावू नये.

डायलिसिसची भीती

‘एकदा मशीनवर घातले की जन्मभर सुटका नाही’ हा समज आपल्याकडे इतका खोल रुजला आहे, की त्यापायी रुग्णाला घरी घेऊन जाणारी माणसे आजही भेटतात. यात वाचू शकणारी माणसे दगावतात. नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्यांचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली जी ६७ वर्षांची बाई त्या यंत्राने शुद्धीवर आली, तिचे मूत्रपिंड अचानकच बंद पडले होते. पुढे तिचे मूत्रपिंड आपोआप चालू झाले आणि ती आणखी काही वर्षे जगली. यंत्राचा उपयोग मुळात असा, मूत्रपिंड बरे होईपर्यंत रक्त स्वच्छ ठेवण्याचा. आपल्या तरुणालाही सात वेळा डायलिसिस करावे लागले आणि मग ते थांबले. ज्यांचे मूत्रपिंड आधी निरोगी होते आणि जे आजारातून वाचले, त्यांपैकी बहुतेकांना ते पुढे लागत नाही.

डायलिसिस जितके लवकर तितके चांगले, हेही खरे नाही. २०१६ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे दिसले, की तातडीचे कारण नसताना घाईने डायलिसिस सुरू करून जास्त जीव वाचत नाहीत. पोटॅशियम धोकादायक चढणे, रक्त फार आम्ल होणे, फुफ्फुसांत पाणी साचणे, युरिया वाढून शुद्ध हरपणे ही तातडीची कारणे. ती आली की मात्र तासभरही थांबू नये. म्हणून डॉक्टर ‘अजून थोडे पाहू’ म्हणाले तर तो निष्काळजीपणा समजू नये आणि ‘आत्ताच करायला हवे’ म्हणाले तर चार दिशांना फोन करत बसू नये.

घरी आल्यावर

बरे होताना एक टप्पा असा येतो, की दिवसाला तीन-चार लिटर लघवी होऊ लागते. घरचे आनंदतात. पण नव्या नलिकांना पाणी व क्षार अजून धरून ठेवता येत नाहीत, तेव्हा या दिवसांतही तपासण्या चुकवू नयेत.

क्रिएटिनिन पूर्ववत झाले म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. ज्याला एकदा अशी इजा झाली त्याला पुन्हा ती होण्याचा, रक्तदाब वाढण्याचा आणि काही वर्षांनी मूत्रपिंडाचा जुनाट आजार जडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून तीन महिन्यांनी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासावीत व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षाला एकदा. रुग्णालयातून सुटताना मिळालेला कागद जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावा.

ध्यानात ठेवा

• साप चावल्यास रुग्णाला धीर द्या, चावलेला हातपाय हलू देऊ नका. आवळून दोरी बांधणे, कापणे, चोखणे हे प्रकार करू नका. सापाला मारण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय गाठा.
• सूज, हिरड्यांतून रक्त, लाल किंवा तांबूस लघवी दिसली तर लगेच सांगा. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, ही साधी तपासणी घोणसेच्या विषाची खूण पटवते.
• जुलाब-उलट्यांत पहिल्या तासापासून ओआरएसचे पाणी द्या. सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घरी थांबू नका.
• मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांनी अशा दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे. मनाने बंद करू नयेत.
• दुकानातून वेदनाशामक गोळी मागून घेऊ नका.
• मधुमेह असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवी तपासाच.

आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. तीन दिवसांऐवजी पहिल्याच संध्याकाळी ते गावाजवळच्या दवाखान्यात गेले असते, दोन बाटल्या सलाइन लागले असते, डायक्लोफेनॅकची गोळी टळली असती, तर ते पुण्यापर्यंत पोहोचलेच नसते अशी दाट शक्यता आहे. वय आणि मधुमेह बदलता आले नसते, पण ते तीन दिवस बदलता आले असते. तेवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.