अश्रू आणि सब्र

मय्यतीच्या घरी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘रडू नका, तुमच्या रडण्याने मय्यतीला अजाब होतो.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण तरुण मुलाला नुकतेच दफन करून परतलेल्या पित्याचे काय होते? तो डोळे पुसतो, गप्प बसतो आणि दुःखाच्या जोडीला अपराधाची भावनाही उराशी बाळगू लागतो. धर्माने हे ओझे त्याच्यावर खरोखर टाकले आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

या आशयाचे कथन हदीस ग्रंथांत आहे, हे खरे. हजरत उमर (रजि.) आणि त्यांचे सुपुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) ते सांगत असत. परंतु हजरत आयेशा (रजि.) यांच्या कानी ते आले, तेव्हा त्यांनी ते त्या स्वरूपात मान्य केले नाही. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, या कुरआनच्या तत्त्वाकडे (६:१६४) त्यांनी लक्ष वेधले. इमाम बुखारी (रह.) यांनीही कथनाचा अर्थ सांगताना अट घातली : आक्रोश करणे ही त्या माणसाचीच रीत असेल, तर. आपल्या मागे मोठा शोक करा, असे सांगून जाणाऱ्याला ते लागू होते, असे अनेक विद्वानांचे मत आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात तशी प्रथाच होती. शोक करण्यासाठी स्त्रिया मोबदला देऊन बोलावल्या जात. गाल बडवणे, कपडे फाडणे, अल्लाहच्या निर्णयाला दूषणे देणे हे इस्लामने निषिद्ध ठरवले. डोळ्यांतून पाणी वाहणे ही गोष्टच वेगळी.

ती किती वेगळी, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातून कळते. हिजरी सन १० मध्ये त्यांचे तान्हे पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत होते. प्रेषितांचे डोळे वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, ‘आपणसुद्धा?’ प्रेषितांनी या अश्रूंना दया म्हटले. डोळा रडतो, मन दुःखी होते, पण तोंडातून आपल्या पालनकर्त्याला पसंत असेल तेवढेच निघते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले आणि लोक म्हणू लागले, इब्राहीम गेले म्हणून सूर्य झाकोळला. पुत्रशोकात असतानाही प्रेषितांनी ही समजूत खोडून काढली. सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने वा जन्माने ग्रहण लागत नाही, हे स्पष्ट केले. अश्रूंनी विवेक वाहून जातो असे मानणाऱ्यांनी या दिवसाकडे पाहावे.

हजरत साद बिन उबादा (रजि.) आजारी असताना प्रेषित भेटीस गेले आणि रडले. त्यांना पाहून सोबतचे लोकही रडले. तेव्हा त्यांनी सांगितले की, डोळ्यातील अश्रू आणि मनातील दुःख यांसाठी अल्लाह शिक्षा करीत नाही. शिक्षा होते ती याच्यामुळे, आणि त्यांनी जिभेकडे बोट दाखवले. इतकी स्पष्ट सीमारेषा असताना आपण ती डोळ्यांवर ओढतो आणि जिभेला मोकळी सोडतो. मय्यतीच्या घरी बसून दिवंगताच्या वाटण्यांची चर्चा करणाऱ्याला कोणी टोकत नाही, रडणाऱ्याला मात्र टोकतात.

सूरह यूसुफमध्ये दोन प्रकारचे अश्रू समोरासमोर आहेत. भावांनी यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकले आणि रात्री ते पित्याकडे रडत आले (१२:१६). ते अश्रू पुरावा म्हणून आणलेले होते, सदऱ्यावरील खोट्या रक्तासारखेच. याकूब (अ.) यांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही आणि ‘सब्रे जमील’, म्हणजे सुंदर सब्र, आपलासा केला. पुढे याच याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले (१२:८४). येथे घटकाभर थांबावे. ज्याच्या सब्रला सुंदर म्हटले गेले, त्याची दृष्टी शोकाने गेली! म्हणजे सब्र म्हणजे कोरडे डोळे नव्हेत. मुलांनी टोकले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, आपले गाऱ्हाणे आपण केवळ अल्लाहपुढे मांडतो (१२:८६). हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे कणखर खलीफा एकदा फजरच्या नमाजमध्ये याच आयतीवर आले आणि त्यांचे हुंदके शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

‘मुलगा असून रडतोस?’ असे आपल्या घरात लहान मुलाला विचारले जाते. त्याला उमर (रजि.) यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगतो, तशी ही गोष्टही सांगावी.

शोकाखेरीज अश्रूंचे आणखी एक कारण कुरआनने नोंदवले आहे. वाणी ऐकून रडत सजद्यात पडणाऱ्यांचे वर्णन सूरह बनी इस्राईल (१७:१०९) आणि सूरह मरयम (१९:५८) मध्ये आहे. दोन्ही आयती सजद्याच्या आहेत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) प्रेषितांना सूरह निसा ऐकवत होते. प्रत्येक समुदायातून साक्षीदार आणला जाईल आणि प्रेषितांना या लोकांवर साक्षीदार केले जाईल, या आयतीवर (४:४१) प्रेषितांनी त्यांना थांबवले. त्यांनी पाहिले तर प्रेषितांचे डोळे वाहत होते. ही आर्तता अर्थ समजल्यामुळे होती. तरावीहमध्ये कारींचा सूर ऐकून आपला गळा दाटतो, तेही चांगलेच. पण कोणत्या शब्दावर दाटला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. रात्री ऐकावयाच्या पाऱ्याचा अर्थ दुपारी घरात मोठ्याने वाचणे फारसे अवघड नाही.

प्रेषितांच्या निधनानंतर हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) हे उम्मे ऐमन (रजि.) यांना भेटावयास गेले. प्रेषितांना बालपणी सांभाळणाऱ्या याच. त्या रडू लागल्या. दोघांनी समजूत घातली की, अल्लाहपाशी जे आहे ते त्याच्या प्रेषितासाठी अधिक उत्तम आहे. उम्मे ऐमन (रजि.) म्हणाल्या, ते मी जाणते, माझे रडणे आकाशातून येणारी वह्य थांबली यासाठी आहे. मग समजूत घालण्यासाठी आलेले ते दोघेही त्यांच्याबरोबर रडू लागले.